दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

‘सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, म्हणजे बॅकअप झालाच’ हा समज ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या महापेपर्यंत लहान कार्यालयांत वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि तो चुकीचा आहे. दोन डिस्क जोडण्याच्या रेड १ (RAID 1) या पद्धतीत एका डिस्कवर लिहिलेले त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते. त्यामुळे एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, परंतु कोणी चुकून जीएसटीची फाइल पुसली किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल अडवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, ती कुलूपबंद केली, तर दुसऱ्या डिस्कवरही तत्काळ तेच घडते. बॅकअपचा रूढ नियम तीन प्रतींचा आहे: त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक कार्यालयाबाहेर असावी. गाळ्यात पावसाचे पाणी शिरले, तर ऐरोलीच्या घरी कपाटात, केबल काढून ठेवलेली हार्ड डिस्कच कामी येते. तिच्यातली एखादी फाइल अधूनमधून उघडून पाहावी, हे मात्र बहुतेक जण विसरतात.

संगणकांच्या नावांचा घोळ निराळाच. बॅकअपच्या यादीत ‘मॅडम-पीसी’ दिसतो, पण मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या असतात. ठिकाण, विभाग आणि क्रमांक सांगणारे नाव बरे. विंडोजवर ते १५ अक्षरांत बसवावे, कारण नेटवर्कवर संगणक नावाने ओळखण्याच्या जुन्या नेटबायॉस पद्धतीत पुढची अक्षरे छाटली जातात आणि शेवटच्या क्रमांकानेच वेगळे असलेले दोन संगणक एकाच नावाचे ठरतात.