मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉल

१९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम काढून अमेरिकेतला खेळाडूंच्या खोट्या सह्या विकण्याचा धंदा उघडकीस आणला. त्यात एका बेसबॉलवर चक्क मदर तेरेसांची सही सापडली! असला चेंडू कुणीही ओळखेल. पंचाईत होते ती खेळाडूचीच वाटेल अशी सही समोर आली की.

अशा वेळी तज्ज्ञ आधी सहीकडे नाही, शाईकडे बघतात. अमेरिकेचा गाजलेला बेसबॉलपटू बेब रूथ १९४८ साली वारला आणि शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ साली. शार्पीने केलेली रूथची सही खोटी ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. कापड आणि कागदाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांत चमक आणणारी रसायनं सर्रास मिसळली जाऊ लागली. ती अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे १९१० सालचं म्हणून दाखवलेलं खेळाडूच्या चित्राचं कार्ड अतिनील दिव्याखाली निळं झळकलं, तर संशय घ्यायचा. जर्सीच्या बाबतीत मात्र जरा सबुरीने, कारण हीच रसायनं धुण्याच्या पावडरीतही असतात. खरी जुनी जर्सी कुणीतरी मायेने धुतली असली, तर तीही चमकते.

मग सही. खेळाडू सही ‘करतो’, नक्कल करणारा ती ‘काढतो’. खऱ्या सहीत पेन वेगात टेकतं आणि वेगातच सुटतं, म्हणून रेघेची टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा जपून चालतो. त्याची रेघ भिंगाखाली थरथरलेली दिसते, टोकं बोथट असतात, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा असतात. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरी ते वाईट लक्षण, कारण माणसाचा हात दोनदा अगदी सारखा चालत नाही. अशी सही गिरवलेली तरी असते किंवा यंत्राने केलेली.

इथवरच्या चाचण्या खोटं पकडतात. त्यांत काही सापडलं नाही म्हणून वस्तू खरी ठरत नाही, आणि मला या विषयातली खरी गंमत इथे वाटते. होकार देऊ शकणारी एक पद्धत आहे, फोटोशी जुळवणी. २२ जून १९८६ रोजी फुटबॉलच्या विश्वचषकात माराडोनाने इंग्लंडविरुद्ध दोन्ही गोल उत्तरार्धात केले. २०२२ मध्ये त्या सामन्यातली जर्सी लिलावाला निघाली, तेव्हा त्याच्या मुलीने ती पूर्वार्धातली असल्याचं म्हटलं. म्हणजे प्रश्न खरी-खोटीचा नव्हता, मध्यंतराच्या अलीकडची की पलीकडची, एवढाच होता. बोधचिन्ह, पट्टे आणि आकडे यांतले बारकावे सामन्यातल्या फोटोंशी ताडून ती उत्तरार्धातलीच असल्याचा निर्वाळा लिलावगृहाने दिला. चिन्ह पट्ट्यापासून किती सरकलंय, आकड्याची कड कुठे वाकलीय, हे प्रत्येक जर्सीत थोडं वेगळं असतं, बोटांच्या ठशांसारखं. फक्त फोटो तेवढा स्पष्ट हवा. जर्सी ७१ लाख पौंडांना गेली.

अस्सलपणा ठरला तरी किंमत ठरत नाही. ते मूल्यांकनाचं काम. तशाच वस्तूचे अलीकडचे लिलाव, दुर्मीळपणा, मालकीची कागदपत्रं आणि वस्तूची अवस्था यांवर ते चालतं. अवस्थेचा घोळ तर फार मोठा. १९०९ ते १९११च्या दरम्यान तंबाखूच्या पाकिटांतून आलेलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं एक कार्ड १९९१ मध्ये कार्डांना अवस्थेनुसार श्रेणी देणाऱ्या पीएसए या कंपनीने तपासलं आणि दहापैकी आठ गुण दिले. कंपनीने श्रेणी दिलेलं ते पहिलंच कार्ड. पुढे २०१३ मध्ये एका नामांकित लिलावकर्त्याने कोर्टात कबूल केलं, की या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. कार्ड अस्सलच, फक्त मूळ मापाचं राहिलं नव्हतं.

हा शोध टाळायचा, तर पुरावा मैदानावरच गोळा करावा लागतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून तेच सुरू केलं. आजी-माजी पोलीस सामन्याला हजर राहतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वापरलेल्या वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लावतात. चेंडू, बॅटी, बेस, आणि हो, मैदानातली मातीसुद्धा.