स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आणि सामुदायिक संग्रहालय: डोंगरात ही गल्लत का होते?

डोंगराळ मुलुखातल्या कुठल्याही छोट्या संग्रहालयात शिरा. ठेंगणं दार, दोन-तीन खोल्या, लाकडी नांगर, ताक घुसळायची रवी, जाड लोकरीचं कापड, कोरीव पेटी, भिंतीवर कुणाच्या तरी पणजोबांचा पिवळा पडलेला फोटो. हे संग्रहालय स्थानिक इतिहासाचं की सामुदायिक, ते नुसत्या वस्तू बघून ओळखता येत नाही. दोन्हीकडे सामान बहुधा तेच असतं. त्यामुळे माहितीपत्रकं लिहिणारेही दोन्ही शब्द खुशाल एकमेकांच्या जागी वापरतात.

फरक कळतो तो एका प्रश्नाने. इथे काय ठेवायचं, त्याबद्दल काय सांगायचं आणि काय मुळीच दाखवायचं नाही, हे ठरवतं कोण? स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात एखादं खोरं हा अभ्यासाचा विषय असतो. अभ्यास करणारा त्या खोऱ्यातला असेल किंवा बाहेरचा. सामुदायिक संग्रहालयात खोऱ्यातली माणसं स्वतः बसून ठरवतात आणि ते ठरवणं एकट्यादुकट्याचं नसतं.

पहिल्या प्रकाराचं मला सगळ्यांत बोलकं वाटणारं उदाहरण नॉर्वेतलं आहे. आंडेर्स सांडविग नावाचा दातांचा डॉक्टर 1885 मध्ये लिलेहामर गावी आला. गुडब्रान्सडालेन या लांबलचक डोंगरी खोऱ्यात तो दात काढत फिरायचा. फिरता फिरता त्याच्या लक्षात आलं की शेतकऱ्यांच्या घरातलं जुनं सामान भराभर विकलं जातंय, फेकलं जातंय. 1887 पासून तो ते गोळा करू लागला. दात काढल्याचे पैसे नसले तर एखादी जुनी वस्तूही त्याला चालायची. पुढे त्याने अख्खी घरं विकत घेतली, ओंडका ओंडका सुटा करून खाली आणली आणि आपल्या बागेत पुन्हा उभी केली. बाग पुरेना. 1904 मध्ये हा सगळा पसारा माइहाउगेन इथल्या मोठ्या जागेत गेला. आज तिथे जवळपास 200 इमारती आहेत. त्यातलं गार्मोचं लाकडी चर्च तर मोडून त्याचे भाग विकले गेले होते. सांडविगने ते हुडकून जमवले आणि 1921 मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं.

सांडविग नसता तर यातलं बरंचसं सरपणात गेलं असतं, यात शंका नाही. पण निवड त्याची होती. कुठलं घर जुन्या जीवनाचा नमुना म्हणून उचलायचं, त्यात कुठलं सामान मांडायचं आणि ते कुठल्या काळातलं दाखवायचं, हे शहरात राहणाऱ्या एका हौशी माणसाने ठरवलं. खोऱ्यातल्या माणसांनी वस्तू दिल्या, विकल्या आणि नंतर ती पाहुणे म्हणून त्या बघायला आली. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाची ही अगदी ठरलेली वाट आहे: वस्तू वरून खाली येते, खोऱ्यातून बाजारपेठेच्या गावात. सडक तिथे असते, छापखाना तिथे असतो, शाळामास्तर आणि डॉक्टर तिथे असतात. मैदानी प्रदेशात संग्रहालय आणि गाव यांच्यात चार-पाच मैलांचं अंतर पडतं. डोंगरात मध्ये एक खिंड येते, हिवाळ्यात ती बर्फाने बंदही होते, आणि ज्यांच्याबद्दल संग्रहालय बोलतं ती माणसं महिनोन्‌महिने तिथे फिरकू शकत नाहीत.

तरी या प्रकाराला कमी लेखू नये. हिमाचल प्रदेशातल्या चंब्याचं भूरीसिंह संग्रहालय घ्या, 1908 साली सुरू झालेलं. चंबा भागात झऱ्यांवर कोरीव शिळा उभारायची जुनी रीत होती. पूर्वजांच्या पुण्यासाठी शिळा, तिच्यावर वरुण आणि इतर देवतांच्या आकृत्या, मधल्या छिद्रातून पडणारं पाणी, आणि शारदा लिपीतला लेख. झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाईसाठी ती पाणवठ्याची शिळा. तिच्यावर कुठला राजा आहे, कुठलं वर्ष आहे, हे बहुतेकांना वाचता येत नव्हतं. डच पुरातत्त्वज्ञ फोगल यांनी चंब्यातले लेख वाचले, 1911 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यातून त्या डोंगरी राज्याच्या राजवटींचा क्रम लावता आला. हे काम वाचणाऱ्याचं आहे, पुराव्याचं आहे. परक्या माणसानेही तपासून बघावं अशी त्याची मांडणी असते. वस्तू कुठे सापडली, कुणी दिली, कोणत्या वर्षी, हे दाखल-नोंदवहीत लिहिलेलं असतं आणि पन्नास वर्षांनी कुणी आक्षेप घेतला तर वही उघडता येते. शिळा झऱ्यावरून संग्रहालयात गेली की तिच्यातून पाणी पडायचं थांबतं, ही त्या वाचनाची किंमत.

आता दुसरा प्रकार. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी सांता आना देल व्हाये नावाचं झापोतेक लोकांचं विणकरांचं गाव आहे. 1985 मध्ये गावचा चौक दुरुस्त करताना जमिनीखाली स्पॅनिश लोक येण्याच्या आधीच्या काळातली थडगी लागली. अशा वेळी पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं: राजधानीतून तज्ज्ञ येतात, वस्तू खोक्यांत भरतात, आणि गावाला त्या पुन्हा बघायच्या तर तिकीट काढावं लागतं. सांता आनाच्या गावसभेत मात्र ठरलं की वस्तू गावातच राहणार. 1986 मध्ये तिथे शान-दानी संग्रहालय उघडलं. झापोतेक भाषेत या नावाचा अर्थ डोंगराचा पायथा. राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेतल्या तज्ज्ञांनी मदत केली, पण विषय गावाने निवडले. थडग्यातल्या वस्तूंबरोबर विणकाम आलं, गावातलं पिसांचं नृत्य आलं, आणि मेक्सिकन क्रांतीच्या काळात या एवढ्याशा गावात काय घडलं तेही आलं. राष्ट्राच्या इतिहासात त्या शेवटच्या विषयाला एक ओळसुद्धा मिळाली नसती.

इथला कारभार बघण्यासारखा आहे. संग्रहालयाची समिती गावसभा नेमते, ठराविक मुदतीसाठी, बिनपगारी. पाणी, देऊळ, शाळा यांच्या समित्यांवर जसं पाळीपाळीने काम करावं लागतं तसंच हेही गावकीचं काम. म्हणजे आज माग चालवणारा माणूस उद्या संग्रहालयाची किल्ली सांभाळतो आणि पुढे पुन्हा मागावर बसतो. अशी गावं वाढत गेली आणि 1991 मध्ये ओआहाकातल्या सामुदायिक संग्रहालयांनी आपला संघ स्थापन केला.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी, कारण इथेच बरेच जण चुकतात. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्याने जमिनीत सापडलेले पुरावशेष राष्ट्राच्या मालकीचे असतात. म्हणजे शान-दानीतल्या थडग्यातल्या वस्तू कायद्याने सरकारच्या आहेत, गाव त्यांचा राखणदार. तेव्हा मालकीचा कागद बघूनही प्रकार ओळखता येत नाही. पैसा कुणाचा, हेही फसवं. सरकारी अनुदानावर चालणारं संग्रहालय सामुदायिक असू शकतं आणि एका पैचीही सरकारी मदत न घेणारं नसू शकतं.

स्थानिक माणसाने काढलं म्हणजे सामुदायिक, हा त्याहून मोठा गैरसमज. अमेरिकेत टेनेसी राज्यात म्युझियम ऑफ ॲपलेचिया आहे. 1969 मध्ये ते जॉन राइस अर्विन यांनी उभं केलं. अर्विन यांचं घराणं त्याच डोंगरातलं. नॉरिस धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतलं. त्यांनी वस्तू गोळा केल्या त्या नावानिशी: ही कुऱ्हाड कुणाची, हे वाद्य कुणी कशापासून बनवलं, तो माणूस कसा होता, सगळं त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या पाट्यांवर. वाचताना शेजारचा म्हातारा गोष्ट सांगतोय असं वाटतं. जिव्हाळा शंभर टक्के आतल्या माणसाचा. पण ठरवणारा एकच. माझ्या हिशेबी हे उत्तम स्थानिक संग्रहालय आहे, सामुदायिक नव्हे, आणि असं म्हणण्यात कुणाचा काही उणेपणा नाही.

शब्दांनीही घोळ वाढवलाय. मराठीत ‘समाजाचं संग्रहालय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच ‘कुठल्या समाजाचं?’ असा प्रश्न येतो, कारण आपल्या बोलण्यात समाज म्हणजे बहुतेक वेळा जात. म्हणून ‘सामुदायिक’ हा जरा कोरडा शब्द पत्करावा लागतो. त्यात तिसरा शब्द येऊन मिसळतो, इकोम्युझियम. 1971 मध्ये फ्रान्समध्ये ह्यूग द वारीन यांनी तो घडवला आणि जॉर्ज आंरी रिव्हिएर यांनी कल्पना पुढे नेली. इमारतीऐवजी अख्खा प्रदेश, संग्रहाऐवजी तिथला सगळा वारसा, प्रेक्षकांऐवजी तिथे राहणारी माणसं, अशी ती कल्पना. पर्यावरणाशी तिचं नातं आहे, पण ते निसर्ग-संग्रहालय नव्हे. डोंगरासाठी कल्पना फार सोयीची, कारण कुरणं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि पाण्याचे पाट काचेच्या कपाटात मावत नाहीत.

नाव तेच ठेवून निर्णय दुसऱ्याकडे गेला तर काय होतं, ते चीनमधल्या सुओगाला दिसलं. ग्वेजोऊ प्रांतातल्या डोंगरात मिआव लोकांचा एक छोटा गट 12 वस्त्यांमध्ये राहतो. तिथल्या बायका पूर्वजांचे केस आणि लोकर शिंगासारख्या लांब लाकडी फणीभोवती गुंडाळून भलामोठा केशसंभार बांधतात. नॉर्वेच्या मदतीने 1998 मध्ये तिथे चीनचं पहिलं इकोम्युझियम उघडलं. पुढे या चळवळीने काही तत्त्वं लिहून काढली, लिऊजी तत्त्वं म्हणून ती ओळखली जातात. पहिलंच तत्त्व असं की आपल्या संस्कृतीचे खरे धनी त्या वस्त्यांमधले लोक आणि तिचा अर्थ लावायचा अधिकारही त्यांचाच. पर्यटन आणि संस्कृती यांच्यात ओढाताण झाली तर संस्कृतीला झुकतं माप द्यावं, असंही त्यात आहे. कागदावर याहून चांगलं काय लिहिणार? पण योजना आली होती वरून, अधिकारी आणि तज्ज्ञांकडून. ज्यांना धनी म्हटलं त्यांना आधी संग्रहालय हवं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि चळवळीतल्या अभ्यासकांनीच पुढे हा दोष मान्य केला.

सामुदायिक संग्रहालयाचीही खोड आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाव स्वतःची गोष्ट सांगतं तेव्हा भाऊबंदकी गाळतं. कुरणाच्या हद्दीवरून शेजारच्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं भांडण, कर्जापायी गेलेली जमीन, सभेत ज्यांना बोलताच येत नव्हतं अशी माणसं, हे सगळं एकमताने बाजूला राहतं. बाहेरचा अभ्यासक नेमकं हेच खणून काढतो, कारण त्याला संध्याकाळी त्या गावात घरी जायचं नसतं. त्याशिवाय ‘स्थानिक कोण’ हा तिढा आहेच. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं म्युझे दोफिन्वा 1906 मध्ये इपोलित म्यूलर यांनी स्थापलं. आल्प्सच्या त्या भागाचं अस्सल स्थानिक इतिहासाचं संग्रहालय, 1968 पासून शहरावरच्या उतारावरच्या जुन्या मठात. डोंगरातल्या माणसांचं घरगुती सामान जमवत आलेल्या या संग्रहालयाने पुढे तिथे स्थायिक झालेल्या इटालियन, ग्रीक, आर्मेनियन आणि मगरेबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, लोकांवर प्रदर्शनं केली, त्या त्या लोकांना बरोबर घेऊन. संग्रहालय पहिल्या प्रकारचं, पण कामाची रीत दुसऱ्या प्रकारची उसनी घेतली. ती झेपली, हे विशेष.

तेव्हा एखाद्या ठिकाणी गेलात तर वस्तूंपेक्षा पाट्या वाचा. ‘येथील लोक अशी वस्त्रे वापरत’ असं लिहिलं असेल तर लिहिणारा खिडकीबाहेर उभा आहे. मग राखणदाराला विचारा: दिलेली वस्तू घरच्यांनी लग्नापुरती परत मागितली तर देता का? नाही म्हणायचं तर कोण म्हणतं? पाटीतली चूक दुरुस्त करायची असेल तर कुणाकडे जायचं? उत्तरात ‘क्युरेटर’, ‘संचालक’, ‘विभाग’ आलं तर एक प्रकार. ‘सभेत विचारावं लागेल’ आलं तर दुसरा.

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न: इथे काय नाही? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या उंच पठारी मुलुखातल्या झुनी या मूळनिवासी लोकांनी 1992 मध्ये स्वतःचं संग्रहालय काढलं, अशिवी अवान, म्हणजे झुनी लोकांचं. बाहेरच्या संस्थांकडून तिथे जुन्या फोटोंच्या प्रती आल्या, तेव्हा धार्मिक विधींचे फोटो सर्वांनी बघायच्या संग्रहातून वेगळे काढले गेले. इतिहासकाराला हा पुरावा दडवणं वाटेल. झुनींच्या लेखी ते ज्ञान ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणेच मिळायचं असतं. त्यांचे आहायुदा, म्हणजे जुळ्या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास घडवल्या जातात आणि डोंगरातल्या उघड्या देवस्थानांत ठेवल्या जातात, तिथे त्यांनी हळूहळू झिजून मातीत मिळावं म्हणून. गेल्या शतकभरात त्यातल्या कितीतरी उचलल्या गेल्या आणि दूरच्या संग्रहालयांत पोचल्या. 1978 पासून झुनी पुढाऱ्यांनी त्या परत मागायला सुरुवात केली, आणि 1992 पर्यंत साठाहून अधिक मूर्ती घरी आल्या. त्या अशिवी अवानच्या कपाटात गेल्या नाहीत. चोरी होऊ नये म्हणून भोवती पक्कं कुंपण असलेल्या, पण वरून आभाळ उघडं असलेल्या जागी त्या ठेवल्या गेल्या. तिथे त्यांच्यावर ऊन पडतं, पाऊस पडतो, बर्फ पडतं.