सेकंडहँड सेडान आणि पंचगंगेचा गाळ

सीटबेल्ट मी पूर्ण बाहेर ओढला. एरवी खालच्या रिळात गुंडाळलेला असतो तो शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला आणि त्यावर ठरावीक अंतराने तपकिरी डाग दिसले. तेवढा भाग हाताला कडक लागत होता. गाडी बाकी चकाचक होती. चंदेरी रंग, २०१६ चं मॉडेल, नवी सीटकव्हरं, आत अत्तराचा वास. दाजी खूश होते. मी त्यांना पट्टा दाखवला. सोबत आलेल्या मेस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचललं, खालच्या नमद्यात बोट दाबलं आणि म्हणाले, "मॅडम, हिला पाणी लागलंय. आपण दुसरी बघूया."

मी भौतिकशास्त्र शिकवते. गाड्यांचा धंदा माझा नाही, पण घरात कुणाला गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात आणि मी आनंदाने जाते. वापरलेली गाडी म्हणजे कित्येक वर्षं चाललेला प्रयोग आणि त्याच्या नोंदी धातूत, रबरात, रंगात, तेलात जागोजागी उमटलेल्या असतात. पॉलिश फक्त वरून लागतं. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण एवढ्या सगळ्या नोंदी एकसाथ खोट्या पाडणं कठीण आहे.

कोल्हापुरात पहिला प्रश्न पाण्याचाच विचारावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क इथल्या तळघरांत आणि अंगणांत उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. प्रयाग चिखली, आंबेवाडीत तर घरंच गेली, तिथं गाड्यांचं काय घेऊन बसायचं. अशा गाड्या पुढे विम्यातून निकाली निघतात, लिलावात जातात, दुरुस्त होतात आणि विक्रीला येतात. नंबर प्लेट कोल्हापूरची एमएच ०९ आहे की सांगलीची एमएच १०, यावरून काहीच ठरत नाही. म्हणून त्या दोन वर्षांच्या आणि त्यांच्या पुढच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागून घ्या. मालकाने क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, शून्यावर येतो. ५० टक्क्यांपर्यंत चढलेला बोनस नेमका २०२० किंवा २०२२ मध्ये शून्य दिसला, तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पाण्याने गाडीचं नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो, कारण हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. दीड लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरची जागा साधारण ३७५ मिलिलिटर. दाबाचं गुणोत्तर दहास एक धरलं, तर पिस्टन वर टोकाला पोचल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम ४२ मिलिलिटर जागा उरते. म्हणजे अर्ध्या कटिंग चहाइतकं पाणी आत गेलं की पिस्टनची वाट बंद. पिस्टनला वर-खाली हलवणारा क्रँक फिरायचा थांबत नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरातल्या गाडीला चावी मारू नये ते याचसाठी. उभ्या गाडीत शिरलेलं पाणी काढता येतं, चालू करताना वाकलेला रॉड सरळ होत नाही.

रॉड थोडासाच वाकला तर इंजिन पुन्हा चालू होतं, ही खरी अडचण. पिस्टन एखाद-दुसरा मिलिमीटर कमी वर जातो, त्या सिलिंडरचा दाब उतरतो, इंजिन किंचित थरथरतं. ऐकून ते कळेलच असं नाही. पण प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावलं की चारांपैकी एक आकडा वेगळा पडतो. काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. विकणाऱ्याने याला नाही म्हटलं, तर तेही उत्तरच समजावं.

आणि गाळ. दख्खनचा बेसाल्ट झिजून जी काळी माती तयार होते, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापाचे आणि पापुद्र्यांसारखे. त्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं, माती फुगते, आणि ते पाणी सोडायला ती फार वेळ घेते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. हीच माती पुराच्या पाण्यात मिसळून गाडीत शिरते आणि कार्पेटखालच्या नमद्यात बसते. वरून कोरडं, खाली महिनोन्‌महिने ओलं. त्या ओलीत पत्र्याला गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही जास्त असतं, त्यामुळे रंग आतून ढकलला जाऊन फोड येतात. दाराच्या खालच्या कडेला किंवा डिकीत स्टेपनीच्या खळग्यात असे फोड दिसले, तर गंज मागच्या बाजूने आलाय असं समजा.

विजेचं नुकसान आणखी सावकाश होतं. पुराच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे ते वीज वाहून नेतं. शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये १२ व्होल्टचा फरक असेल, तर तिथे शाळेतल्या प्रयोगशाळेसारखं विद्युत विघटन चालू होतं आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. एअरबॅगचं नियंत्रण करणारी पेटी बऱ्याच गाड्यांत दोन सीटांच्या मधे, जमिनीलगत असते. म्हणजे सगळ्यात आधी बुडणारी वस्तू जीव वाचवणारी. ती आज ठीक चालेल आणि दीड वर्षाने दगा देईल. म्हणूनच, किंमत कितीही उतरवली तरी पाण्यातली गाडी घरच्यांसाठी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मेस्त्रींचंही तेच.

दुसरी गाडी कागलकडची, २०१७ ची पेट्रोल सेडान. सीटबेल्ट कोरा, नमदा सुका, हेडलाइटच्या काचेत पाण्याची आडवी रेघ नाही. आता अपघाताची नोंद वाचायची होती. कंपनीतून निघालेल्या गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. डेंटिंग-पेंटिंगवाले ठोकलेला पत्रा जमेल तेवढा सरळ करून उरलेल्या खळग्यात लांबी (पुट्टी) भरतात, ती सहज एक-दोन मिलिमीटर जाड होते. जाडी मोजायचं यंत्र मिळतं, पण फ्रिजवरचा चपटा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवला तरी काम भागतं. चुंबकाची पकड अंतराबरोबर झपाट्याने उतरते, त्यामुळे लांबीच्या जागी तो सटकतो. या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर तो सटकला. एवढ्याने गाडी बाद होत नाही. दार बदलता येतं. ज्यावर सगळा सांगाडा उभा असतो ते पुढचे दोन दांडे महत्त्वाचे. बॉनेट उघडून तिथले स्पॉट वेल्ड बघायचे. कारखान्यातले वेल्ड गोल, एकसारखे, समान अंतरावर असतात. गॅरेजमधला वेल्ड मण्यांच्या ओळीसारखा लांबट दिसतो. अपघातात चुरगळून धक्का पोटात घ्यायचं काम त्या दांड्यांचं. एकदा चुरगळून सरळ केलेला दांडा दुसऱ्यांदा तसाच वागेल याची खात्री देता येत नाही, कारण वाकवताना पोलादाची आतली रचना बदललेली असते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आपण पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनात फटी मोठ्या असतात, झिजलेले भाग तेव्हा आवाज करतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या खाचेला, स्कॅनर लावल्यावर फक्त एरर कोड बघून थांबू नका. कोड पुसता येतात. पण ते पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही कोरी होते आणि ती पुन्हा भरायला बरंच अंतर चालावं लागतं. 'एरर नाही, पण चाचण्या अपूर्ण' असं दिसलं, तर कोणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय, किंवा निदान बॅटरी तरी काढलेली आहे.

मग आम्ही गाडी पन्हाळ्याला नेली. बाजाराच्या आवारात दोन फेऱ्या मारून गाडी घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. इथून वीस किलोमीटरवर इतकी चांगली प्रयोगशाळा आहे! कोल्हापूर ते पन्हाळा चढ साधारण ४०० मीटरचा. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायला जवळपास ५९ लाख जूल ऊर्जा लागते. वाघबीळच्या वळणांवर क्लच घसरत असेल तर लगेच कळतं: इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. पण खरी परीक्षा उतरताना. वर साठवलेली सगळी ऊर्जा आता उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. ५९ लाख जूल म्हणजे सुमारे २० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. काही वाटा हवा घेते, काही टायर, काही खालच्या गिअरमधलं इंजिन, आणि बाकी सगळी ब्रेकच्या चकत्यांवर येते. चकती वेडीवाकडी झिजली असेल तर पेडल पायाखाली थडथडतं.

इथं ब्रेक ऑइलबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याकडे फारसं कुणी बघत नाही. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. उतारावर ब्रेक तापले की पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आपल्याकडच्या पावसात दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. या गाडीचं काळपट पडलं होतं.

टायर पटकन बघून होतात. कडेवरच्या अंकांतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. पण सहा-सात वर्षांचं रबर, नक्षी कितीही चांगली दिसली तरी, ओल्या रस्त्यावर कडक पडलेलं असतं.

एवढं सगळं करून सेडानच का, एसयूव्ही का नको, हा प्रश्न ताईने विचारला. गाडी वापरणार ती. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलं तर ५६ टक्के जास्त. सेडान बुटकी असल्याने तिला समोरून कमी हवा कापावी लागते आणि मागचा उतरता आकार हवेला शांतपणे सोडतो. पुण्याला महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला याचा फरक पेट्रोलपंपावर दिसतो. वजन खाली असल्याने गगनबावड्याच्या वळणांवर ती कमी कलंडते. तिची उणी बाजू म्हणजे पोट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. दोन चाकांत २.६ मीटर अंतर असलेल्या सेडानच्या पोटाखालच्या सोळा-सतरा सेंटिमीटरपैकी त्यावर फक्त पाच खर्च होतात, उरतात अकरा-बारा. पण गल्लीत कुणीतरी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे येतो तेव्हा त्याची पूर्ण उंची मोजावी लागते, आणि पाच माणसं बसल्यावर गाडी आधीच तीन-चार सेंटिमीटर खाली बसलेली असते. म्हणून घ्यायच्या आधी पाच जण बसवून आपल्याच गल्लीतून एक फेरी मारा.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अ‍ॅव्हरेजचा छापील आकडा रोलरवर ठरावीक चक्र चालवून काढलेला असतो. त्यात वाघबीळ नाही आणि गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांमागची रखडपट्टीही नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी, खर्चाचा हिशेब मांडायला नाही. दुसरी गोष्ट सुरक्षेची. फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया, ह्युंदाई व्हर्ना यांना २०२३ मध्ये गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. त्याच वर्षी तशीच आपली भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला घेतात. पण तारे त्या विशिष्ट आवृत्तीचे असतात. त्याच नावाच्या आठ वर्षं जुन्या गाडीला ते लागू धरू नका.

आणि इथेनॉल. आपल्या जिल्ह्यातला ऊस आता पेट्रोलच्या टाकीतही पोचला आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के कमी. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग या मिश्रणाचा विचार करून निवडलेले असतात. त्याआधीची गाडी घेत असाल तर इंधनाच्या नळ्या, ओ-रिंग एकदा तपासून घ्या आणि वर्षानुवर्षं नुसती उभी राहिलेली गाडी टाळा, कारण इथेनॉलही हवेतलं पाणी ओढतं.

कागलची गाडी दाजींनी घेतली. दाराच्या लांबीचे पैसे वजा करून घेतले आणि पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल आणि चारही टायर बदलले. त्यांचं घर दुधाळीत आहे. जुलै लागला की ते रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट झाले की गाडी आमच्याकडे सागरमाळावर येते आणि पाणी उतरेपर्यंत आमच्या जिन्याखाली उभी राहते.