दहावी-बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही तर

दुपारी एकला निकाल लागतो आणि संध्याकाळी नातेवाइकांचे फोन संपेपर्यंत मुलाची शाखाही ठरवून टाकलेली असते. तो निर्णय आठवडाभर लांबला तरी बिघडत नाही. तारखा मात्र पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

गुण कमी पडल्याची शंका असेल तर राज्य मंडळात दोन वेगळे मार्ग आहेत. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचा राहिलेला प्रश्न बघतात. उत्तर पुन्हा तपासत नाहीत. ते हवं असेल तर पुनर्मूल्यांकन. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत अर्ज करावा लागतो. 2024 मध्ये प्रत्येक विषयाला पडताळणीसाठी 50, छायाप्रतीसाठी 400 आणि पुनर्मूल्यांकनासाठी 300 रुपये शुल्क होतं. छायाप्रत हाती आली की पेन घेऊन बसा: प्रत्येक प्रश्नाचे गुण मुखपृष्ठावरच्या रकान्याशी जुळवा, पुरवण्या मोजा, मग ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. नुसत्या हुरहुरीपायी सगळ्या विषयांचे पैसे भरू नका.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पुनर्मूल्यांकनाच्या आशेवर पालक थांबतात आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म राहून जातो. तो शाळा-कॉलेजमार्फत भरायचा असतो. दोन्ही कामं सोबतच चालवा. पास झालेल्यांना गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसता येतं.

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पण राहिलेले विषय जुलैतच सोडवलेले बरे. हाताच्या कामात रमणाऱ्या मुलासाठी नागपुरात श्रद्धानंद पेठेतलं शासकीय आयटीआय किंवा सदरचं शासकीय तंत्रनिकेतन एकदा प्रत्यक्ष बघून या. डिप्लोमाला दहावीत 35 टक्के पुरतात आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. याला कमीपणा मानणं, आमच्या मते, मुलावर अन्याय आहे.

बारावीवाल्यांनो, सीईटीचा पर्सेंटाइल कितीही चांगला असो, इंजिनिअरिंगसाठी बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40. आधी ही बेरीज करा.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प झालं असेल तर गुणांचा विषय बाजूला ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आमच्याकडे समुपदेशनाला येताना नववीपासूनच्या गुणपत्रिका आणा. पहिला अर्धा तास आम्ही मुलाशी एकट्याशी बोलतो. पालकांनी तेवढा वेळ बाहेर बसावं.