डासाचं स्टेरॉइड वेगळं, आपलं वेगळं

सोलापुरात डेंग्यूचे दिवस आले की जिममधल्या पोरांत एक प्रश्न हमखास निघतो. स्टेरॉइडची इंजेक्शनं मारणाऱ्याचं रक्त प्यायला तर डासाचीपण बॉडी बनते का? प्रश्न थट्टेचा असतो. पण दम्यासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्या मावशी तोच प्रश्न काळजीनं विचारतात, "ह्या गोळ्यांमुळंच मला डास लई चावतात का हो?"

दोन्हीकडे गोंधळ एकच आहे. माणसाच्या रक्तातली स्टेरॉइड्स आणि डासाचं स्वतःचं स्टेरॉइड ही एकाच खात्यावर जमा धरली जातात. रचना खरंच मिळतीजुळती असते. कार्बनच्या चार कड्या, आणि मूळ कच्चा माल कोलेस्टेरॉल. टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, मावशींची गोळी ही आपल्या बाजूची. डासाच्या बाजूला एक्डायसोन. किडा कात टाकतो, कोशात जातो, तो याच्या हुकमावर.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं एकेक स्टेरॉइड शोधलं एकाच माणसानं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी 1931 मध्ये पोलिसांची सुमारे 15,000 लिटर लघवी आटवून 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) काढलं. पुढं 1954 मध्ये पीटर कार्लसन यांच्याबरोबर रेशीमकिड्यांच्या 500 किलो कोषांतून 25 मिलिग्रॅम एक्डायसोन. जिल्ह्यात तुती लावून रेशीम करणाऱ्यांना हे प्रकरण अगदीच परकं नाही. सगळ्या अळ्या एकदमच पिकून चंद्रिकेवर (कोष विणायच्या चौकटीवर) चढाव्यात म्हणून वनस्पतीतून काढलेलं याच जातीचं द्रव्य पाल्यावर शिंपडायची पद्धत आपल्या देशात आहे.

आता डासीण चावते तेव्हा काय होतं ते बघू. (चावते ती मादीच, नर फुलातल्या रसावर जगतो.) ती एका वेळी साधारण दोन-तीन मायक्रोलिटर रक्त ओढते. पोट भरलं की तिच्या मेंदूतून निरोप सुटतो, अंडाशय एक्डायसोन तयार करतो, शरीरातल्या चरबीच्या पेशी त्याचं जास्त जोरकस रूप बनवतात आणि अंड्यांसाठी बलकाचं प्रथिन ओतू लागतात. दोन-तीन दिवसांत अंडी तयार. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात पिंपं भरलेली असतातच, तिला जागा शोधावी लागत नाही.

या सगळ्यात आपलं स्टेरॉइड कुठं? जवळजवळ कुठंच नाही. पुरुषाच्या रक्तात मिलिलिटरमागे साधारण तीन ते दहा नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं. तीन मायक्रोलिटरच्या घोटात ते पंधरा-वीस पिकोग्रॅम भरेल (हजार पिकोग्रॅमचा एक नॅनोग्रॅम). त्याच घोटात कोलेस्टेरॉल त्याच्या लाखो पट, आणि डासिणीला कामाचं तेच, कारण आपलं यकृत कोलेस्टेरॉल बनवतं तसं कीटकाला शून्यापासून बनवता येत नाही, आयतं खावं लागतं. इंजेक्शनवाल्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन दहापट धरलं तरी फरक पडू नये, कारण ते ओळखणारा रिसेप्टरच, म्हणजे पेशीतलं त्याच्या मापाचं कुलूपच, कीटकात नसतं. जकार्ड मागावर दुसऱ्याच मापाचं कार्ड चढवलं तर चादरीवर नक्षी उमटत नाही, तसंच.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. डास माणूस हुडकतो तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कातडीच्या वासावरून. गरोदरपणात अंगातली स्टेरॉइड संप्रेरकं चढतात, आणि गरोदर बाईला डास जास्त चावतात हेही खरं आहे. 2000 साली गॅम्बियात झालेल्या अभ्यासात दुप्पट डास आले होते. पण संशोधकांनी कारण दिलं ते जास्त सोडला जाणारा श्वास आणि पोटाजवळची वाढलेली ऊब. तेव्हा डासांच्या धास्तीनं डॉक्टरांना न विचारता प्रेडनिसोलोन बंद करू नका. ते अचानक तोडणं डासापेक्षा महागात पडतं.

एवढं सांगून "यजमानाच्या स्टेरॉइडचा कीटकावर परिणाम होतच नाही" असं मात्र ठोकून देता येत नाही. युरोपातल्या सशावरची पिसू आडवी येते. ब्रिटिश संशोधक मिरियम रॉथशिल्ड आणि बॉब फोर्ड यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की या पिसवेची अंडी पिकतात ती गाभण सशिणीचं रक्त प्यायल्यावरच. विण्याआधीच्या दिवसांत सशिणीच्या रक्तात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं चढतात आणि पिसवेला वेळ कळते. सशीण व्याली की पिसवा पिलांवर उतरतात आणि बिळातच अंडी घालतात. मांजराच्या पिसवेला असलं काही लागत नाही, तिला कुठलंही मांजर चालतं.

उलट्या दिशेचा घोटाळा तर दुकानात डब्यात भरून मिळतो. 'इक्डिस्टेरोन' नावाची पावडर मसल वाढवायला म्हणून विकतात. पालकातही थोडं सापडणारं हे द्रव्य म्हणजे डासिणीच्या चरबीपेशी बनवतात तेच, कीटकांचं संप्रेरक. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, 2020 पासून त्यावर नजर ठेवून आहे. म्हणजे आपलं स्टेरॉइड डासाला लागत नाही. पण डासाचं स्टेरॉइड आपली पोरं पैसे मोजून पितात.