पहिले दहा बोर्ड : मशीन नंतर, आधी स्टेन्सिल

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या शेडवर येणारे बरेच ग्राहक बसायच्या आधीच विचारतात, "पिक-अँड-प्लेस मशीन केवढ्याला पडेल?" म्हणजे बोर्डावर सुटे भाग आपोआप उचलून ठेवणारं यंत्र. आमचं उत्तर ठरलेलं : अजून घेऊ नका. महिन्याला पाच-दहा नमुना सर्किट बोर्ड करायचे असतील, तर मशीनला भाग पुरवणारे फीडर लावण्यातच दिवस जातो. तेवढ्यात बारीक चिमटा किंवा व्हॅक्यूम पेन घेतलेला माणूस बोर्ड भरून चहा प्यायला जातो. एसएमडीचं, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठावरच सोल्डर होणाऱ्या बारीक भागांचं काम स्वतःच्या जागेत सुरू करायचं असेल, तर पैसा स्टेन्सिलवर (सोल्डर पेस्ट छापायची छिद्रांची पातळ पत्री), चांगल्या मायक्रोस्कोपवर आणि तापमान मोजण्यावर घाला.

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा सोल्डर पेस्टच्या, म्हणजे सोल्डरच्या बारीक कणांच्या लगद्याच्या, छपाईत असतं. सिरिंजने पेस्टचे थेंब ठेवणं दुरुस्तीपुरतं ठीक. शंभर पॅडांवर (भागांचे पाय टेकायच्या तांब्याच्या जागांवर) सारखी पेस्ट हाताने पडत नाही. लेझरने कापलेली, ०.१ किंवा ०.१२ मिलिमीटर जाडीची स्टीलची स्टेन्सिल करून घ्या. फ्रेमची गरज नाही. बोर्डाच्याच जाडीचे रद्दी बोर्ड चारी बाजूंनी टेबलाला चिकटवा, मध्ये बोर्ड बसवा आणि स्टेन्सिल एका कडेने टेपने लावा, म्हणजे ती वहीच्या पुठ्ठ्यासारखी उघडते. स्क्वीजी (पेस्ट पसरायची पट्टी) एकदाच, एकाच दिशेने ओढा. मागेपुढे घासलं की पेस्ट खाली शिरते. छाप बिघडला तर बोटाने सारवू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा छापा.

पेस्टचा टाइप म्हणजे कणांचा आकार. टाइप ३ मध्ये कण २५ ते ४५ मायक्रॉनचे, टाइप ४ मध्ये २० ते ३८. स्टेन्सिलच्या सर्वांत अरुंद छिद्रात पाच कण शेजारीशेजारी मावले पाहिजेत, म्हणून पायांमधलं अंतर (पिच) ०.५ मिलिमीटर असलेल्या आयसींना आम्ही टाइप ४ वापरतो. पाय पोटाखालीच असलेल्या चपट्या आयसीच्या (क्यूएफएन) मधल्या मोठ्या पॅडवर मात्र भरभरून पेस्ट नको. आयसी तिच्यावर तरंगते आणि कडेचे पाय टेकत नाहीत. तिथलं छिद्र खिडकीच्या तावदानांसारखं तुकड्यांत कापून घ्या. निम्म्याहून थोडी जास्त जागा झाकली तरी पुरे.

शिशाची ६३/३७ पेस्ट (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळते. बिनशिशाच्या एसएसी ३०५ ला (कथील, चांदी आणि तांब्याच्या पेस्टला) २१७ ते २२० लागतात आणि बोर्ड २४० च्या आसपास न्यावा लागतो. शिकायला ६३/३७ सोपी. पण माल युरोपात जाणार असेल तर नमुनाही बिनशिशाच्या पेस्टमध्येच करा. तिथे २००६ पासून शिशावर बंधन आहे. पेस्ट वितळवायला घरगुती ओटीजीवर काम भागतं, फक्त त्यात पुन्हा नानकटाई भाजायची नाही. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बोर्डालाच चिकटवा आणि पेस्ट वितळल्यावर ४५ ते ९० सेकंद तापमान टिकतंय का ते पाहा.

बारीक रेझिस्टर एका टोकावर उभा राहिला, तर दरवेळी ओव्हनला दोष देऊ नका. एक पॅड थेट ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असला की तो उशिरा तापतो. दुसरीकडचं सोल्डर आधी वितळून तुकड्याला ओढून उभं करतं. डिझाइनमध्येच थर्मल रिलीफ (पॅड आणि मोठ्या तांब्यामध्ये अरुंद जोड) द्या.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे श्रावणात डब्याबाहेर ठेवलेला पापड जसा मऊ पडतो, तशी आयसीचं प्लास्टिकही ओल धरतं. ओव्हनमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि आयसी आतून तडकते. आयसीच्या बंद पिशवीवर एमएसएल ३ (ओल धरण्याची पातळी) लिहिलेलं असेल तर ती उघडल्यावर सोल्डर करायला १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. बडोद्याचा श्रावण ६० टक्क्यांत थोडाच राहतो! उघडी पिशवी आणलीत तर आम्ही आयसी आधी भाजून कोरड्या करतो आणि त्याचा एक दिवस धरतो. आयसींची रील (प्लास्टिकच्या पट्टीचं भेंडोळं) १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तिचं प्लास्टिक वाकतं.

आमच्याकडून जुळणी करून घ्यायची असेल, तर गर्बर (बोर्डाच्या आराखड्याच्या फाइल), बीओएम (भागांची यादी) आणि प्लेसमेंट फाइल (कोणता भाग कुठे बसतो ती) तिन्ही आणा. बीओएममध्ये भागाचा आकार नुसता ०६०३ लिहू नका. इंची ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिलिमीटर, मेट्रिक ०६०३ म्हणजे ०.६ × ०.३. एकदा कॉलेजच्या मुलांनी कपॅसिटर आणले, ते पॅडांच्या मधल्या फटीतच मावत होते. एलईडीची कॅथोड (ऋण) बाजू डेटाशीट पाहून कळवा, अंदाजाने नको. इंची ०४०२ चे तुकडे खसखशीएवढे असतात, शिंक आली की गेले. मोजून दहा लागत असतील तर पंधरा आणा.

येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा. पेस्ट फ्रिजमध्ये असते. बाहेर काढून चारेक तास बंद डबीतच राहू द्यावी लागते, नाहीतर तिच्यावर दव धरतं.