कास पठार: एकेक नियम कुठून आला

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेले की कास पठार लागते. हंगामात तिथे जायचे तर आधी ऑनलाइन बुकिंग, मग पठारापासून लांबचा वाहनतळ, मग आखून दिलेली पायवाट. पहिल्यांदा येणाऱ्याला हा सरकारी जाच वाटतो. पण यातला बहुतेक नियम कोणी आधी बसून ठरवलेला नाही. काहीतरी तुडवले गेले, आणि त्यानंतर नियम आला.

पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, पसारा १०-११ चौरस किलोमीटर. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सह्याद्रीच्या माथ्यावर आपटतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर इथे पाऊस हटत नाही. खाली काळा कातळ, त्यावर जांभ्याचा थर आणि जांभ्यावर माती असली तर बोटभर. झाडांना मुळे धरायला जागाच नाही. म्हणून इथे राज्य आहे ते वर्षायू रोपांचे: पावसाबरोबर उगवायचे, तीन-चार महिन्यांत फुलून बी टाकायचे आणि ऑक्टोबरनंतर वाळून जायचे. पावसाने धुतलेल्या या मातीत नत्र नावापुरते. ती तूट भरून काढायला दवबिंदू नावाचे रोप आपल्या चिकट केसांवर किडे पकडते, तर सीतेची आसवे ही रोपे जमिनीखालच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद या पठारावर आहे. त्यातला वायतुरा सह्याद्रीतल्या अशाच मोजक्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरच्या, उथळ डबक्यांत येतो. त्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे. पाणी आटले की तो कंदाच्या रूपाने पुढच्या पावसापर्यंत जमिनीत पडून राहतो.

साताऱ्याला कास ठाऊक होते ते फुलांसाठी नव्हे, पाण्यासाठी. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कास तलावाचे पाणी उताराने शहरात येते. पठारावरून जुना राजमार्ग महाबळेश्वरकडे जातो, आणि कुमुदिनीचे तळे त्याच वाटेवर आहे. आसपासच्या वाड्यांची गुरे सड्यावर चरत. डांबरी रस्ता पुढे बामणोलीला, म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला जातो. धरणाच्या पाण्याने जुन्या वाटा बुडाल्यावर तिकडच्या गावांना साताऱ्याशी जोडायला हा रस्ता महत्त्वाचा ठरला. वनस्पतिशास्त्राचे लोक येत, नोंदी करून जात. गर्दी अशी नव्हती.

२०१०च्या आसपास चित्र पालटले. डिजिटल कॅमेरे हातोहाती झाले, वर्तमानपत्रांतून गुलाबी तेरड्याचे गालिचे झळकले, आणि सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या थेट सड्यावर चढू लागल्या. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवले; महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार. या दर्जाने प्रसिद्धी मिळते, चौकीदार मिळत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला २००१च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे कवच मिळाले होते, पण कास त्या हद्दीत नव्हते. पठार राखीव वन आहे, तेवढाच कायद्याचा आधार. कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वनखात्याबरोबर उभ्या राहिल्या तेव्हा कुठे शिस्त लागली. प्रवेशशुल्कातून गावातल्याच लोकांना हंगामाचा रोजगार मिळू लागला आणि ‘फूल तोडू नका’ हे सांगणारा माणूस जागेवर आला. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि तीन सत्रांतला प्रवेश हे सगळे त्यानंतरचे.

याच काळात पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले, आणि कासच्या इतिहासातला खरा धडा तिथे आहे. हेतू चांगला होता: माणसे आत घुसू नयेत. पण माणसांबरोबर गुरेही थांबली. गुरे गवत खातात. गवत खाल्ले गेले की खालच्या बुटक्या रोपांना ऊन मिळते. चराई बंद झाली की गवत उंच वाढते आणि त्याच्या सावलीत गेंद, तेरडा, आसवे मागे पडतात. फुले कमी झाल्याची ओरड झाली, जाणकार आणि गावकरी एकाच बाजूने बोलू लागले, आणि पुढे हे कुंपण हटवण्यात आले. चराई किती आणि कधी, यावर वाद राहीलच. पण माणसाच्या वापराशिवायचे ‘शुद्ध’ कास कधी अस्तित्वातच नव्हते, हे आम्हाला पटते. गुरांनी शतकानुशतके जे केले त्याने पठार टिकले. एका हंगामातल्या हजारो बुटांनी ते टिकत नाही.

बुटाने नेमके काय होते? ओल्या सड्यावर टाच दाबली की मातीचा तो बोटभर थर थेट दगडाशी भिडतो. त्यातल्या हवेच्या आणि पाण्याच्या पोकळ्या मिटतात, खळगा पडतो. पुढच्या सरीत पाणी त्या खळग्यातून वाट काढते आणि माती घेऊन जाते. माणसे एकामागोमाग त्याच ठशांवरून जात राहिली की तिथे उघडा जांभा दिसतो, आणि माती पुन्हा साठायला पिढ्या जातात. सीतेची आसवे तर दगडावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ पडद्यात उभी असतात. ‘इथे तर दगडच आहे’ म्हणून ज्यावर बसकण मारली जाते, तीच त्यांची जागा. सुटे दगड उलटून मनोरे रचण्याची नवी हौसही वाईट. त्या दगडांखाली पाली, विंचू आणि देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर) राहतात.

म्हणून जाताना मधल्या वारी जावे, सकाळचे पहिले सत्र घ्यावे. बुकिंगचे शुल्क आणि वेळा दर हंगामाआधी जाहीर होतात, त्या पाहूनच निघावे. फुलोरा साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पाऊस लांबला की तोही पुढे सरकतो. वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोट बरा. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळाची चप्पल हमखास घसरते. स्वच्छतागृह वाहनतळावरच उरकावे. चिखल चुकवायला वाटेच्या कडेने चालू नये, चिखलातूनच जावे. वाट रुंद होते ती नेमकी अशी. जवळचा फोटो हवा असेल तर झूम वापरावा, आणि गाडी रस्त्याकडेच्या गवतावर लावू नये, कारण ते गवतही सडाच आहे. बामणोलीहून पुढे वासोट्याला जाणाऱ्यांनी वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो, हे धरून चालावे.

एक गुंता मात्र सुटलेला नाही. कासचे बुकिंग भरले की गाड्या ठोसेघर-चाळकेवाडीकडे वळतात. तिथल्या सड्यांवरही गेंद, आसवे आणि सोनकी आहेत, पण पवनचक्क्यांसाठी काढलेले रस्ते सर्वत्र पोहोचतात आणि वाटेत कोणी अडवत नाही. तिकडे गेलात तर चाके डांबरावरच ठेवा.